मोसंबीच्या बागेत प्रतिध्वनी वाचणारा रोबो : प्रकल्प नोंदी

१२ फेब्रुवारी २०२४

काम असं ठरलं. बदनापूर तालुक्यातली मोसंबीची बाग, लागवड ६ बाय ६ मीटर. दोन ओळींच्या मधून चालणारा चारचाकी रोबो हवा. दोन्ही बाजूंच्या झाडांपासून सारखं अंतर धरून त्याने सरळ जायचं आणि प्रत्येक झाडाचा पाला किती दाट आहे ते सांगायचं. कॅमेरा नाही, लेझरने अंतर मोजणारा लायडार नाही. वटवाघळासारखं एक तोंड आणि दोन कान, एवढंच.

परवडणारे लायडार मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात आंधळे होतात, कारण सूर्याचाच प्रकाश त्यांच्या डिटेक्टरवर पडतो. काळ्या मातीची धूळ उडाली की लेझर धुळीवरूनच परततो. आवाजाला ऊन, धूळ, अंधार यांची अडचण नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाल्याच्या पहिल्या थराच्या मागचं काहीतरी आवाज सांगतो, कॅमेरा सांगत नाही.

आधीची दोन कामं डोळ्यांपुढे ठेवली आहेत. तेल अवीव विद्यापीठाचा २०१८ चा रोबॅट : एक अल्ट्रासोनिक स्पीकर, दोन मायक्रोफोन, उघड्यावर स्वतः चालून नकाशा काढणारा आणि समोर झाड आहे की दुसरं काही हे न्यूरल नेटवर्कने ओळखणारा. दुसरं २०१३ चं, अँटवर्प विद्यापीठातलं बॅटस्लॅम. त्यात समोरची वस्तू ओळखायचा प्रयत्नच नाही. प्रतिध्वनीचा एकूण ठसा पाहून ‘ही जागा आधी ऐकली आहे’ एवढंच ठरवलं जातं. बागेत हे दुसरं तंत्र जपून वापरावं लागेल, कारण ओळीतलं प्रत्येक झाड शेजारच्या झाडासारखंच ऐकू येतं.

१८ फेब्रुवारी

बाजारात सगळीकडे मिळणारा अल्ट्रासोनिक अंतर-सेन्सर एचसी-एसआर०४ झाडासमोर धरून पाहिला, तो का चालत नाही हे मोजून समजावं म्हणून. मॉड्यूल ४० किलोहर्ट्झच्या आठ लहरी सोडतं, म्हणजे २०० मायक्रोसेकंद. पहिला प्रतिध्वनी ठरलेल्या पातळीच्या वर गेला की घड्याळ थांबतं. पुढचं सगळं फुकट. भिंतीसमोर हे ठीक. झाडासमोर मात्र कधी पुढचं पान, कधी आतली फांदी, कधी खोड पातळी ओलांडतं आणि आकडा एका मापाकडून दुसऱ्या मापाकडे उड्या मारतो.

दुसरी अडचण पट्ट्याची, म्हणजे किती रुंद फ्रिक्वेन्सीत आवाज काढता येतो त्याची. असले ट्रान्सड्यूसर जेमतेम एक-दोन किलोहर्ट्झ रुंदीत काम करतात. दोन वस्तू वेगळ्या दिसण्याचं किमान अंतर म्हणजे आवाजाचा वेग भागिले पट्ट्याची दुप्पट. वेग ३५० मीटर प्रतिसेकंद आणि पट्टा २ किलोहर्ट्झ धरला तर पावणेनऊ सेंमी. तेवढ्या जागेत मोसंबीची कितीतरी पानं बसतात. २५ ते ६० किलोहर्ट्झ एवढा रुंद पट्टा मिळाला तर हेच अंतर ५ मिमीवर येतं. कीटक खाणाऱ्या वटवाघळांची हाक वरून खाली घसरत येते ती याच हिशेबाने. म्हणून हाक : ६० वरून २५ किलोहर्ट्झपर्यंत घसरणारी चर्प, ३ मिलिसेकंद.

२७ फेब्रुवारी : तोंड

रुंद पट्ट्याचे खास अल्ट्रासोनिक स्पीकर बजेटबाहेर. डीजेच्या बॉक्समध्ये लागतो तो पिएझो ट्वीटर घेतला. ६० किलोहर्ट्झला त्याचा आवाज बराच पडतो, पण पूर्ण बंद होत नाही आणि तीन-चार मीटरला तेवढा पुरतो.

ट्वीटर म्हणजे प्रत्यक्षात एक कपॅसिटर. एलसीआर मीटरवर साधारण ०.१३ मायक्रोफॅरड. ५० किलोहर्ट्झला याचा अडथळा २५ ओहमच्या आत येतो, म्हणून साधा ऑप-अँप तो ओढू शकत नाही. क्लास-डी ऑडिओ अँप्लिफायर तर नकोच, त्याच्या आउटपुटचा फिल्टर आपला पट्टाच कापतो. टीसी४४२८ हा मॉस्फेट ड्रायव्हर वापरला. त्याची एक बाजू सरळ, दुसरी उलट, म्हणजे ट्वीटर दोन्हींच्या मध्ये जोडला की १५ व्होल्टवर ३० व्होल्टचा झोका मिळतो. ट्वीटरच्या ओळीत २२ ओहमचा रेझिस्टर अत्यावश्यक आहे. तो नसेल तर प्रत्येक कडेला ड्रायव्हरच्या १.५ अँपियरच्या मर्यादेबाहेर करंट जातो.

चर्प चौकोनी लहरीचीच ठेवली, टीन्सी ४.१ या मायक्रोकंट्रोलर बोर्डच्या टायमरवरून. या बोर्डवर डॅक (आकड्यांवरून व्होल्टेज तयार करणारा भाग) नाही आणि त्याची गरजही पडत नाही. तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सीचा घटक, ७५ किलोहर्ट्झच्या वर सुरू होतो, तो आपल्या पट्ट्याबाहेर. सेकंदाला दहा हाका म्हणजे फक्त ३ टक्के वेळ काम, त्यामुळे ड्रायव्हर कोमट राहतो. चाचणीसाठी सतत चर्प सोडू नये, चिप काही क्षणांत तापते.

६ मार्च : कान

दोन एसपीयू०४१० मेम्स मायक्रोफोन (चिपवर कोरलेले इवलेसे मायक्रोफोन), मधलं अंतर १२ सेंमी. एक अंशाने तिरक्या वस्तूचा आवाज दोन्ही कानांवर ६ मायक्रोसेकंदांच्या फरकाने येतो, पूर्ण बाजूच्या वस्तूचा जास्तीत जास्त ३४३. हे दोन आकडे पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया आहेत.

मायक्रोफोनचा सिग्नल मोठा करणाऱ्या प्रीअँपला १०० पट वाढ हवी. ६० किलोहर्ट्झला एकाच टप्प्यात १०० पट म्हणजे ऑप-अँपचा गेन-बँडविड्थ (वाढ गुणिले फ्रिक्वेन्सी) किमान ६ मेगाहर्ट्झ लागतो. टीएल०७२ चा ३ आहे. दहा-दहा पटींचे दोन टप्पे केले की तोच टीएल०७२ आरामात चालतो. मध्ये १ नॅनोफॅरड आणि १० किलोओहमचा हाय-पास. १६ किलोहर्ट्झच्या खालची चाकांची घरघर आणि माणसांचं बोलणं तिथेच अडतं.

कान जिवंत आहेत का हे पाहायला सगळ्यात सोपी चाचणी : किल्ल्यांचा जुडगा मीटरभर अंतरावर हलवा. किल्ल्या एकमेकींवर आपटल्या की आपल्या कानांना किणकिण वाटते, पण त्यात ५० किलोहर्ट्झच्या पुढेही भरपूर ऊर्जा असते. स्क्रीनवर उभ्या रेघांचा झुबका दिसला पाहिजे. एका कानाचा झुबका बुटका असेल तर आधी त्या मायक्रोफोनचं सोल्डरिंग आणि भोक तपासायचं, कोड नंतर.

कानाच्या पाळ्या थ्रीडी प्रिंट केल्या. पीएलए हे प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक वापरू नये. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात ठेवलेला काळा भाग तिथपर्यंत सहज तापतो. पाळी किंचित वाकली तरी तिचा ऐकण्याचा रोख बदलतो आणि कॅलिब्रेशन वाया जातं. पीईटीजी, पांढऱ्या रंगात.

१५ मार्च

टीन्सीचे दोन्ही एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारे भाग) एकाच वेळी चालवले, प्रत्येकी सेकंदाला अडीच लाख नमुने. एकच एडीसी आळीपाळीने दोन्ही कानांकडे वळवला तर दोन मायक्रोसेकंदांचा कायमचा फरक राहतो आणि समोरची प्रत्येक वस्तू एक तृतीयांश अंशाने बाजूला दिसते. ऐकण्याची खिडकी २५ मिलिसेकंद, म्हणजे सुमारे ४.४ मीटरपर्यंत. दोन्ही कानांचे मिळून २५ हजार बाइट.

आज ५० किलोहर्ट्झवर एक ठाम, न हलणारी रेघ. ट्वीटर बंद केला तरी आहे, मायक्रोफोनवर बोट ठेवलं तरी आहे. म्हणजे हा हवेतला आवाज नाही. उगम १५ व्होल्ट तयार करणाऱ्या एमटी३६०८ मध्ये. तो १.२ मेगाहर्ट्झवर स्विच होतो. अडीच लाखाच्या सॅम्पलिंगमध्ये १.२ मेगाहर्ट्झ दुमडून बरोबर ५० किलोहर्ट्झवर येतो, आपल्या पट्ट्याच्या आतच. असली रेघ सॉफ्टवेअरमध्ये नॉच (एकच फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) लावून काढायचा मोह होतो. तसं केलं तर हाकेचाही तेवढा तुकडा जातो. उपाय हार्डवेअरमध्येच : एडीसीच्या पायाशी आरसी फिल्टर, मायक्रोफोन आणि प्रीअँपला वेगळा लिनियर रेग्युलेटर, आणि अ‍ॅनालॉगची ग्राउंड बॅटरीपाशी एकाच बिंदूला. रेघ नॉइजमध्ये बुडाली.

२३ मार्च

मॅच्ड फिल्टर बसवला : आपल्या हाकेचा साचा आलेल्या आवाजावर सरकवत कुठे जुळतो ते पाहायचं. ३ मिलिसेकंद गुणिले ३५ किलोहर्ट्झ म्हणजे १०५, त्यातून २० डेसिबलचा फायदा. साचा म्हणून कागदावरची आदर्श चर्प घेऊ नये. प्लायवुडची गुळगुळीत पाटी एक मीटरवर काटकोनात उभी करून तिचा खरा प्रतिध्वनी घ्यायचा आणि तोच साचा करायचा. ट्वीटरचे चढउतार, पाळीमुळे आवाजात पडणारा फरक, प्रीअँपचा कल, सगळं त्यात आपोआप येतं.

साच्याच्या दोन्ही टोकांना हळूहळू उतरवणारी गणिती ‘खिडकी’ न लावता तो वापरला की प्रत्येक मोठ्या प्रतिध्वनीच्या दोन्ही अंगांना १३ डेसिबलने कमी अशी खोटी पिल्लं उभी राहतात. खोडाशेजारी ती हुबेहूब पानांसारखी दिसतात. हॅमिंग खिडकीने ती ४० डेसिबलच्या खाली गेली. किंमत म्हणून मुख्य शिखर दीडपट रुंद झालं, ५ मिमीच्या जागी साडेसात. पाला मोजायला हा सौदा परवडतो.

३ मिलिसेकंदांच्या हाकेत रोबो ५३ सेंमीच्या आत बहिरा असतो, कारण तोवर स्वतःचाच आवाज कानात भरलेला असतो. जवळ काही आलं की हाक ०.८ मिलिसेकंदांची करायची. बहिरा टप्पा १४ सेंमीवर येतो, फायदा साडेचौदा डेसिबलवर उतरतो. जवळच्या वस्तूसाठी तो पुरे. वटवाघूळही सावजाजवळ पोचताना हाका आखूड आणि दाट करत नेतं.

४ एप्रिल

मोटारींचा पीडब्ल्यूएम (वेग ठरवणारी वीज चालू-बंद करण्याची गती) २० किलोहर्ट्झवर ठेवायची पद्धत आहे, कारण तो माणसाला ऐकू येत नाही. इथे तीच सगळ्यात वाईट निवड : ४० आणि ६० ला त्याचे हार्मोनिक. हाकेच्या आधी दोन मिलिसेकंदांपासून खिडकी संपेपर्यंत मोटारी आणि ट्वीटर-कानांचं डोकं फिरवणारा सर्व्हो दोन्हींचे पल्स बंद केले. ३० मिलिसेकंद रोबो आपल्या वेगावर घरंगळतो. सेकंदाला ३० सेंमी चालीत ते ९ मिमी होतात. सेकंदाला दहा हाका म्हणजे तीस टक्के वेळ मोटार बंद. काळ्या भुईच्या भेगांवरून चढताना जोर कमी पडतो, तिथे हाका पाचवर आणाव्यात.

वाळलेला पालापाचोळा चाकाखाली चुरगळतो तो आवाजही पूर्ण पट्टाभर पसरलेला असतो. त्यावर इलेक्ट्रॉनिक्सचा उपाय नाही. पाला मोजताना रोबो उभाच असला पाहिजे.

१९ एप्रिल

सकाळी २४ अंश, दुपारी ४२. आवाजाचा वेग ३४५.६ वरून ३५५.९ मीटर प्रतिसेकंदावर जातो. तीन मीटरवरचं खोड दुरुस्ती न करता नऊ सेंमी जवळ दिसतं. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर रोबोच्या अंगाला चिकटवला तर तो हवेचं नाही, पत्र्याचं तापमान सांगतो. पांढऱ्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात, दोन्ही तोंडं उघडी ठेवून, डोक्याच्या उंचीवर सावलीत टांगला.

धूळ मायक्रोफोनच्या भोकात बसते. कॉम्प्रेसरची हवा कधीही मारू नये, मेम्सचा पडदा फाटतो. स्पंज लावला तर अल्ट्रासाउंड त्यातच जिरतो. पातळ पॉलिस्टर जाळी ताणून लावली आणि रोज मऊ ब्रशने झटकली की निभावतं.

२ मे

बागेतलं खरं काम. रोबो ओळींच्या मधोमध उभा, डोकं झाडाकडे. पाल्याचा दर्शनी भाग दीड मीटरवर, त्याचा आवाज साडेआठ मिलिसेकंदांच्या आसपास येतो. खोड तीन मीटरवर, म्हणजे १७ मिलिसेकंदांवर. दोन्हींच्या मधल्या साडेआठ मिलिसेकंदांत झाडाचा सगळा मजकूर आहे. तो वाचायचा, त्याला एका आकड्यात कोंबायचं नाही. आमच्या मते या प्रकल्पाचा कणा हाच.

४० किलोहर्ट्झची लहर पावणेनऊ मिमीची. मोसंबीचं पान तिच्या कितीतरी पट मोठं, म्हणून प्रत्येक पान छोट्या आरशासारखं वागतं. आपल्याकडे तोंड केलेलं पान जोरात उत्तर देतं, तिरकं पान जवळपास गप्प. त्यामुळे एका हाकेवरून दाटपणा काढता येत नाही. झुळूक आली की पानं वळतात आणि उत्तर देणारी पानं बदलतात. पान २.२ मिमी पुढे-मागे सरकलं तरी त्याच्या प्रतिध्वनीची लहर उलटी होते. खोड, सिमेंटचा खांब, भिंत यांना झुळुकीने काही होत नाही. म्हणजे रोबो जागेवर उभा ठेवून सेकंदभर दहा हाका द्यायच्या आणि लागोपाठच्या प्रतिध्वनींचं साम्य तुकड्यातुकड्याने काढायचं. साम्य जिथे ढासळतं तिथे पाला, जिथे टिकतं तिथे लाकूड किंवा दगड. वारा अगदी पडला असेल तर हे माप बोलत नाही. पहाटेच्या निवांत हवेत ते वापरू नये.

दाटपणासाठी दुसरं माप घेतलं. पाल्याच्या पहिल्या ३० सेंमीतून, म्हणजे १.७ मिलिसेकंदांत आलेली ऊर्जा भागिले तिथपासून खोडापर्यंतची ऊर्जा. दोन्हींना अंतराप्रमाणे वाढवून घ्यावं लागतं, कारण लांबचा प्रतिध्वनी पसरून आणि हवेत जिरून क्षीण होतो. वटवाघूळ हे कानातच करतं : हाकेच्या वेळी मधल्या कानाचा स्नायू आवळतं आणि प्रतिध्वनी येईपर्यंत सैल सोडतं. गुणोत्तराचा फायदा असा की जाळीवर धूळ बसली, बॅटरी उतरली, ट्वीटर थोडा मंदावला, तरी वरचा-खालचा आकडा सारखाच घटतो आणि भागाकार जागच्या जागी राहतो.

११ मे

दोन कानांनी दिशा काढताना पाला छळतो. पानांची शिखरं एक-एक सेंमीवर, म्हणजे वेळेत ५७ मायक्रोसेकंदांवर. कानांमधला फरक ३४३ पर्यंत असू शकतो. डाव्या कानाच्या एका शिखराला उजव्या कानात दोन्ही बाजूंना मिळून डझनभर उमेदवार. शिखराला शिखर जोडायचा नाद सोडावा. एक-एक मिलिसेकंदाचे तुकडे घेऊन दोन्ही कानांचा कोरिलेशन (किती सरकवल्यावर दोन्ही आवाज सर्वाधिक जुळतात) काढायचा, शिखराभोवती पॅराबोला बसवून चार मायक्रोसेकंदांपेक्षा बारीक फरक वाचायचा. पाल्याची सरासरी दिशा अशी स्थिर मिळते आणि ओळीच्या मधोमध चालायला तेवढीच लागते. कानांमधलं अंतर वाढवलं तर कोन बारीक मिळतो, पण उमेदवारही वाढतात. १२ सेंमीच ठेवलं आहे.

खोडाला मात्र शिखर जोडणी चालते, कारण ते एकटं आणि ठळक असतं.

१९ मे

बागेला मृग बहारासाठी ताण दिलेला आहे. ठिबक बंद, पानं कोमेजून आत वळलेली, काही गळलेली. प्रतिध्वनीत हे स्पष्ट वाचता येतं : दर्शनी ३० सेंमीचा वाटा उतरला, आवाज आत खोलवर जातो आणि आधी पाल्याआड दडलेलं खोड १७ मिलिसेकंदांवर डोकं वर काढतं. आत वळलेलं पान आणि गळलेलं पान यांतला फरक हे गुणोत्तर सांगत नाही; दोन्हींमुळे ते उतरतं. ताण किती बसला हे ठरवायला म्हणून एका दिवसाचा आकडा पुरत नाही, त्याच झाडाची आठवड्याआडची वाचनं शेजारी ठेवावी लागतात. त्यासाठी रोबोला झाड नेमकं कोणतं हे कळलं पाहिजे. सगळी झाडं सारखी ऐकू येत असल्याने ठशावरून ओळखणं इथे फसतं, म्हणून चाकांचे फेरे मोजणाऱ्या एन्कोडरवरून अंदाज आणि ओळीच्या टोकाच्या सिमेंट खांबावरून दुरुस्ती अशी जोडी ठेवली.

२८ मे

दिवस मावळल्यावरची वाचनं वेगळ्या फायलीत. दिव्याभोवती किडे जमतात आणि त्यामागे लहान वटवाघळं येतात. त्यांच्या हाका आपल्याच पट्ट्यात. मॅच्ड फिल्टर त्यातल्या बऱ्याच झटकतो, कारण त्यांची घसरण आपल्या साच्याशी जुळत नाही, पण जवळून गेलेली हाक प्रीअँप कोंबून टाकते. हाकांमधलं अंतर दर वेळी थोडं बदलतं ठेवलं की परका आवाज दहा हाकांत एकाच जागी पडत नाही आणि सरासरीत विरतो.

आपला आवाज त्यांनाही ऐकू जातो, हे विसरता कामा नये. किडे टिपायच्या त्या तासाभरात ट्वीटर बंद ठेवायचा. लेण्यांत किंवा दौलताबाद किल्ल्यातल्या अंधारी या काळोख्या वाटेत, जिथे वटवाघळं राहतात, तिथे हा रोबो चाचणीला नेऊ नये.

१० जून

पहिला पाऊस. ओल्या पानाचं उत्तर कोरड्याइतकंच जोरात येतं, कारण हवेच्या मानाने दोन्ही घट्टच. पण थेंबाच्या वजनाने पानं खाली झुकतात आणि गुणोत्तर थोडं हलतं. पाऊस थांबल्यावर झाड निथळेपर्यंत वाचन घ्यायचं नाही, निथळणारे थेंब पट्टाभर टकटक करतात.

डावा कान एकदम मंद. मायक्रोफोन शाबूत आहे. जाळीच्या छिद्रांत पाण्याचा पातळ पडदा धरला आहे आणि अल्ट्रासाउंड त्याच्या पलीकडे जात नाही. फुंकर घातली की पडदा फुटून कान परत येतो. पाळीवर पुढे झुकणारी छपरी प्रिंटला टाकली आहे, जाळी पाणी न धरणारी घ्यायची, आणि प्रत्येक फेरीच्या आधी प्लायवुडच्या पाटीसमोर दोन्ही कानांची पातळी जुळवून पाहायची. दोन कानांत ३ डेसिबलपेक्षा जास्त फरक निघाला तर फेरी सुरूच करायची नाही.